माणूस विमानाने घरी, सामान मात्र न्हावा शेव्याला : आखातातून परतणाऱ्यांचं कागदाचं दुखणं

मंडणगड : संयुक्त अरब अमिरातीने व्हिसाची मुदत संपलेल्या परदेशी लोकांसाठी १ सप्टेंबर २०२४ पासून माफी योजना सुरू केली. ती ३१ ऑक्टोबरला संपणार होती, नंतर ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत वाढवली. दंड नाही, पुन्हा येण्यावर बंदी नाही, कागद नीट करून राहा किंवा मायदेशी जा, अशी ही सोय होती. मंडणगड, दापोली, खेड, चिपळूण, गुहागर आणि पलीकडे म्हसळा, श्रीवर्धन या पट्ट्यात क्वचितच असं गाव असेल जिथलं कुणी ना कुणी दुबई, शारजा, कुवेत, कतारला नाही. त्यामुळे योजनेची बातमी मोबाईलवर आली त्या दिवसापासून तिकिटाची, आउटपासची, दंड खरंच माफ होतो का याची चर्चा चालू होती.

सामानाचं काय, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. दहा-पंधरा वर्षं एका खोलीत काढलेल्या माणसाचा तिथं छोटा का होईना संसार असतो. फ्रीज, वॉशिंग मशीन, शिलाई मशीन, ब्लँकेट, भांडी, ड्रिल, वेल्डिंगचा सेट. विमानात जास्तीत जास्त तीस-चाळीस किलो येतं. बाकीचं समुद्रमार्गे यायचं असतं, आणि तिथून पुढं कागदाचा खेळ सुरू होतो.

खरी गोष्ट अशी की परत येणाऱ्या माणसाला सरकारने सवलत दिलेली आहे आणि ती बऱ्यापैकी मोठी आहे. पण ती मिळणार की नाही हे न्हावा शेव्याच्या यार्डात ठरत नाही. ते ठरतं तिकडची खोली सोडण्याआधी, हातात कुठला कागद आहे यावरून. आणि आपल्याकडचा माणूस हे ऐकतो तेव्हा तो घरी येऊन, आंघोळ करून, पडवीत बसलेला असतो.

आधी २०२४ मध्ये सवलत काय होती ते बघू. १ एप्रिल २०१६ पासून लागू झालेल्या, तेव्हाच्या बॅगेज नियमांत ‘ट्रान्सफर ऑफ रेसिडेन्स’ नावाची तरतूद होती. म्हणजे परदेशातला मुक्काम हलवून कायमचं घरी येणं. एजंट लोक तिला ‘टीआर’ म्हणतात. तीन ते सहा महिने बाहेर राहिलेल्याला ६० हजार रुपयांपर्यंतचं घरगुती सामान ड्युटीशिवाय आणता येत असे. सहा महिने ते वर्षभर राहिलेल्याला १ लाखाचं. मागच्या दोन वर्षांत किमान एक वर्ष बाहेर काढलेल्याला २ लाखांचं. आणि सलग दोन वर्षं किंवा जास्त राहिलेल्याला ५ लाखांपर्यंतचं. वापरलेले कपडे आणि रोजच्या वापराच्या वस्तू यांना तशीही ड्युटी नाही. विमानातून बरोबर आणलेल्या सामानाला जी तेव्हा ५० हजारांची नेहमीची सवलत असे ती वेगळी. पण ती मागून जहाजाने येणाऱ्या पेट्यांना लागू होत नसे, आणि नेमकी इथंच बऱ्याच जणांची गल्लत व्हायची. ‘पन्नास हजारापर्यंत फ्री आहे ना’ असं म्हणून लोक बॉक्स भरून मोकळे व्हायचे.

५ लाखांच्या सवलतीला तीन अटी होत्या. येण्याच्या तारखेच्या लगेच आधीची दोन वर्षं बाहेर मुक्काम हवा. त्या दोन वर्षांत सुट्टीवर भारतात येऊन राहिलेले दिवस एकूण सहा महिन्यांपेक्षा जास्त नकोत. आणि मागच्या तीन वर्षांत हीच सवलत आधी घेतलेली नको.

वाचायला सोप्या वाटतात. आता कोकणातल्या माणसाला लावून बघा. समजा खेड तालुक्यातला एक वेल्डर आहे. दोन वर्षांत एकदा बहिणीच्या लग्नाला तीन महिने आला, मग वडिलांच्या आजारपणात अडीच महिने राहिला, मध्ये कंपनी बदलताना महिनाभर घरी बसला. झाले साडेसहा महिने. पंधरा वर्षं आखातात घाम गाळलेला माणूस पंधरा दिवसांनी पाच लाखांच्या रांगेतून बाहेर पडायचा. यावरही त्या नियमात वाट होती. सहा महिन्यांवरचे दिवस योग्य कारण असेल तर सीमाशुल्क आयुक्त माफ करू शकत. दोन वर्षांच्या मुक्कामात दोन महिन्यांपर्यंत कमी पडत असेल तर तेही उपायुक्त किंवा सहायक आयुक्त माफ करू शकत. पण त्यासाठी लेखी अर्ज लागतो, आणि अर्जाला जोडायला दवाखान्याचा कागद, कंपनीचं पत्र असं काहीतरी लागतं. वडील आजारी होते हे तोंडी सांगून भागत नाही. हे काहीच जमलं नाही तरी २ लाखांची पायरी शिल्लक राहत असे. ती अनेकांना ठाऊकच नसायची. ‘टीआर बसत नाही’ एवढंच एजंट सांगायचा आणि माणूस पूर्ण ड्युटी भरायला तयार व्हायचा.

मुक्काम मोजायचा कशावरून? पासपोर्टवरच्या शिक्क्यांवरून. पूर्वी आखाताचा रेसिडेन्स व्हिसा पासपोर्टच्या पानावर चिकटवलेला असायचा, त्यामुळे पासपोर्ट उघडला की सगळं दिसायचं. कुवेतने हे स्टिकर २०१९ मध्ये बंद केलं, अमिरातीने २०२२ मध्ये. आता सगळं कार्डात आणि कॉम्प्युटरमध्ये. व्हिसा रद्द झाला की कार्ड जमा करावं लागतं. मोबाईलमधलं ॲप काही दिवसांनी उघडत नाही, तिकडचं सिमकार्ड बंद होतं, ओटीपी येत नाही. मग आपण तिथं राहत होतो हे दाखवायला उरतात फक्त इमिग्रेशनचे जाण्यायेण्याचे शिक्के. तेही दोन पासपोर्टांत विभागलेले. जुना पासपोर्ट कोपरा कापून परत मिळतो आणि तो रद्दी म्हणून पोरांच्या खेळात जातो. तो फार जपायचा कागद आहे, कारण मागच्या दोन वर्षांतले अर्धे शिक्के त्यातच असू शकतात.

माफी योजनेतून येणाऱ्यांचं आणखी अवघड होतं. कित्येकांचा पासपोर्ट मालकाकडे अडकलेला किंवा हरवलेला असतो. त्यांना वाणिज्य दूतावासातून ‘इमर्जन्सी सर्टिफिकेट’ मिळतं, ज्याला आखातात सगळे आउटपास म्हणतात. तो एकाच प्रवासाचा कागद आहे. त्यावर मागचा एकही शिक्का नसतो, आणि विमानतळावर उतरल्यावर तोही हातात राहील याची खात्री नसते. शिवाय योजनेत एक्झिट पास मिळाल्यावर सुरुवातीला देश सोडायला १४ दिवसांची मुदत होती. चौदा दिवसांत हिशेब घ्यायचा, तिकीट काढायचं, खोली रिकामी करायची. अशा घाईत पॅकिंग लिस्ट कोण करत बसतो? जो पहिला कार्गोवाला भेटेल त्याच्या हाती पेट्या देऊन माणूस विमानात बसतो.

आणि इथून ‘डोअर टू डोअर’चं प्रकरण सुरू होतं. आखातातल्या प्रत्येक बाजारात कार्गोची दुकानं आहेत. किलोमागे अमुक दिरहॅम, घरपोच, ड्युटी-बिट्टी काही नाही, असा त्यांचा बोर्ड. माणसाला वाटतं कस्टमचा प्रश्न मिटला. पण ड्युटी हवेत विरत नाही. कुणाच्या तरी नावावर, कुठल्या तरी सवलतीत तो माल बसवावाच लागतो.

पूर्वी एक सोपी खिडकी होती. परदेशातून घरच्यांना पाठवलेली छोटी भेटवस्तू ५ हजार रुपयांपर्यंत ड्युटीशिवाय यायची. तिचा इतका गैरवापर झाला, विशेषतः परदेशी ऑनलाईन दुकानांकडून, की डिसेंबर २०१९ मध्ये केंद्राने पोस्ट-कुरिअरने येणारी ड्युटीमुक्त भेट बंदच केली. अपवाद दोनच ठेवले : जीव वाचवणारी औषधं आणि राखी. म्हणजे बहिणीची राखी दुबईला राहणारी बहीण पाठवू शकते, पण आईसाठी भाऊ पाठवतो ते ब्लँकेट आता फुकट येत नाही, त्याला पूर्ण ड्युटी भरावी लागते.

खिडकी बंद झाली तशी काही एजंटांनी दुसरी वाट धरली. ती म्हणजे टीआर. दोन वर्षांवर बाहेर राहिलेला माणूस शोधायचा, त्याच्या पासपोर्टवर पाच लाखांची सवलत घ्यायची आणि त्या सवलतीत दहा जणांच्या पेट्या, कधीकधी निव्वळ व्यापाराचा माल घालायचा. पासपोर्ट ‘वापरायला’ दिल्याबद्दल त्या माणसाला काही हजार रुपये. तपास यंत्रणांनी मुंबई भागात असे गुन्हे नोंदवलेले आहेत, ही काही चहाच्या टपरीवरची अफवा नव्हे.

गावातल्या माणसाचं यात दोन बाजूंनी नुकसान होतं. एक, त्याची पेटी दुसऱ्याच्या नावावर आलेली असते. कंटेनर पकडला गेला की त्या पेटीवर त्याचा हक्क सांगणारा एकही कागद त्याच्याकडे नसतो. कार्गोवाल्याची पावती असते, तीही अरबीत आणि वजनाची. आपल्याकडे सातबारा आजोबांच्या नावावर तसाच राहिला की नातवाला पीककर्ज मिळताना काय होतं हे शेतकऱ्याला सांगायला नको. जमीन आपण कसतो, कागद दुसऱ्याचा. इथंही तेच, फक्त इथं तलाठी भाऊसाहेब ओळखीचे नसतात.

दुसरं नुकसान जास्त वाईट. ज्याने चार-पाच हजारांसाठी पासपोर्ट दिला, त्याची स्वतःची सवलत २०१६ च्या नियमांत तीन वर्षांसाठी संपत असे. पुढच्याच वर्षी नोकरी सुटून तो खरोखर परत आला तर कस्टमच्या नोंदीत तो आधीच एकदा ‘कायमचा परत आलेला’ असतो. त्यात सापडलेल्या मालाबद्दल नोटीस निघाली तर तीही त्याच्याच नावाने, गावच्या पत्त्यावर येणार. कस्टमसमोर सामानाची घोषणा करायची ती सामानाच्या मालकाने, असं १९६२ च्या सीमाशुल्क कायद्यातच आहे, आणि कागदावर मालक तोच असतो. पासपोर्टची झेरॉक्स मागणारा प्रत्येक एजंट चोर नसतो, कागदासाठी ती लागतेच. पण झेरॉक्सवर तारीख, ‘फक्त माझ्या एवढ्या पेट्यांसाठी’ असं लिहून सही केली तर ती दुसरीकडे फिरवणं अवघड जातं. दोन ओळींचं काम आहे.

आता तारखांचं गणित. २०१६ च्या नियमांप्रमाणे मागून येणारं सामान माणूस भारतात उतरल्यापासून एका महिन्याच्या आत तिकडून रवाना झालेलं असावं लागे. किंवा माणसाच्या आधी दोन महिन्यांपर्यंत ते इथं येऊन थांबू शके. दोन्ही मुदती वाढवून मिळत, पण अर्ज करून आणि कारण देऊन. मे २०२० मध्ये वंदे भारत मोहिमेची विमानं सुरू झाली तेव्हा हजारो लोक दोन बॅगा घेऊन आले, खोलीची किल्ली मित्राकडे देऊन. नंतर त्या मित्राने वर्षभराने सामान पाठवलं, तेही स्वतःच्या नावाने, असं झालं असेल तर ते परतणाऱ्या माणसाचं बॅगेज म्हणून धरायचं कसं, हा प्रश्न येतोच. कारण नियम असाही होता की ते सामान परदेशात त्या प्रवाशाच्याच ताब्यात असलेलं हवं.

सामान न्हावा शेव्याला उतरलं की ते कंटेनर यार्डात जातं. शिपिंग कंपनीचे पैसे भरून डिलिव्हरी ऑर्डर घ्यायची, घोषणापत्र भरायचं, मूळ पासपोर्ट दाखवायचा, पेट्या उघडून तपासणी, किंमत ठरवणं, ड्युटी असेल तर भरणा. यार्डात ठरावीक दिवस फुकट असतात, त्यानंतर रोजचं भाडं चढतं. मंडणगडच्या माणसाने पहाटेची एसटी धरून उरण गाठायचं, एक कागद कमी म्हणून परत यायचं, पुन्हा जायचं. दोन खेपांत यार्डाचं भाडंच फ्रीजच्या किमतीला भिडतं. मग कंटाळून माणूस सामान सोडून देतो, किंवा एजंट मागेल ती रक्कम देतो. लाचखोरीच्या तक्रारी होतात त्याही अशाच वेळी, कारण घाई माणसाला असते, खिडकीपलीकडच्याला नसते. पॅकिंग लिस्टमध्ये पेटीनिहाय वस्तू, त्या किती वापरलेल्या आहेत, अंदाजे किंमत असं लिहिलेलं असेल तर निदान किंमत ठरवताना बोलायला आधार राहतो. ‘हाऊसहोल्ड आयटम, ९ बॉक्स’ एवढंच लिहिलं की प्रत्येक बॉक्स उघडला जातो.

वस्तूंमध्येही खाचाखोचा होत्या. २०१६ च्या नियमांत फ्रीज ३०० लिटरपर्यंतचा असेल तर सवलतीत येत असे, त्याहून मोठा असेल तर नाही. वॉशिंग मशीन, लॅपटॉप, गॅस किंवा विजेची शेगडी चालत असे. टीव्ही पूर्ण माफ कधीच नाही. विमानातून टीव्ही आणायची हौस २६ ऑगस्ट २०१३ पासून महाग झाली आहे. २०२४ मध्ये त्यावर ३५ टक्के ड्युटी आणि त्या ड्युटीवर १० टक्के अधिभार, म्हणजे एकूण ३८.५ टक्के पडत होते. कस्टमने ४० हजारांचा धरला तर १५ हजार ४०० रुपये. त्यात इथल्या दुकानातल्या टीव्हीची निम्मी किंमत गेली, आणि वर गॅरंटी नाही.

सोन्याचा नियम तर २०२४ पर्यंत नुसता कागदावर उरला होता. वर्षभराहून जास्त बाहेर राहिलेल्या पुरुषाला २० ग्रॅम आणि बाईला ४० ग्रॅम दागिने ड्युटीशिवाय आणता येत. पण पुढे किमतीची मर्यादा होती : पुरुषाला ५० हजार, बाईला १ लाख. २०१६ मध्ये ती वजनाच्या जवळपास होती. २०२४ मध्ये तोळा ७० हजारांच्या वर होता. म्हणजे दोन तोळ्यांची परवानगी आणि एक तोळाही न बसणारी किंमत, दोन्ही एकाच वाक्यात. बायकोसाठी दोन बांगड्या आणणारा माणूस वजनाचा नियम पाठ करून यायचा आणि किमतीच्या नियमात अडकायचा. २०१६ ते २०२४ या आठ वर्षांत या मर्यादा हललेल्या नव्हत्या. ५ लाखांची मर्यादाही तीच होती.

सगळ्यात जास्त खटकतं ते अवजारांचं. १९९८ च्या जुन्या बॅगेज नियमांत कारागिरांच्या व्यवसायाच्या सामानाची वेगळी तरतूद होती, आणि त्यात सुतार, प्लंबर, वेल्डर, गवंडी हे शब्द चक्क लिहिलेले होते. २०१६ च्या तक्त्यात शब्द होते ‘वैयक्तिक आणि घरगुती वस्तू’. परतणारा अधिकारी सोफा आणतो, तो घरगुती. परतणारा वेल्डर ग्राइंडर आणि वेल्डिंग मशीन आणतो, त्याच्या जोरावर त्याला दापोलीत फॅब्रिकेशनचं छोटं दुकान टाकायचं असतं, आणि ते घरगुती आहे का हे तपासणाऱ्याच्या मनावर. नियम सोपे करताना ज्याच्यासाठी ते सगळ्यात उपयोगी होते त्याचंच नाव गळलं. खासदारांनी दिल्लीत मांडण्यासारखा हा मुद्दा आहे, रस्त्या-पुलाइतकाच.

आणि एक कागद असा आहे जो कुणाला लागू नये, पण लागतो. १२ जून २०२४ ला कुवेतमध्ये मंगाफ इथल्या कामगारांच्या इमारतीला आग लागली, किमान ४५ भारतीय गेले. पार्थिवं हवाई दलाच्या विमानाने आली. अशा वेळी गावचं लक्ष पार्थिव कधी येतं याकडे असतं आणि तेच बरोबर आहे. पण नंतर महिन्या-दोन महिन्यांनी त्या माणसाची पेटी, त्याचा मोबाईल, कपडे, मुलांसाठी घेऊन ठेवलेल्या वस्तू यांचा प्रश्न येतो. मृत व्यक्तीच्या वापरातल्या वैयक्तिक आणि घरगुती वस्तूंना ड्युटी माफ आहे. त्याला अट एकच : त्या वस्तू त्या व्यक्तीच्या मालकीच्या होत्या असं भारतीय दूतावासाचं प्रमाणपत्र. पार्थिवाच्या कागदांसाठी तिकडचा कुणी नातेवाईक किंवा गाववाला दूतावासात जातोच, त्याच वेळी हा अर्ज देता येतो. परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर घरूनही तक्रार नोंदवता येते. नंतर दूतावासाशी पत्रव्यवहार करत बसलेली विधवा बाई आणि यार्डात पडलेली पेटी, हे चित्र कुणाच्या वाट्याला येऊ नये.

केरळने परदेशस्थ केरळी लोकांसाठी १९९६ सालीच स्वतंत्र सरकारी खातं काढलं. तिथला परतणारा माणूस निदान कुठल्या दारात जायचं हे जाणतो. आपल्याकडे जिल्ह्यात इतकी माणसं बाहेर असताना तहसीलमध्ये यावर विचारायला एक खिडकी नाही. सेतू केंद्रात उत्पन्नाचा दाखला मिळतो, तिथंच परतणाऱ्यांसाठी अर्जाचे नमुने ठेवायला फार खर्च येणार नाही. मुक्काम कमी पडल्याचा अर्ज, मुदतवाढीचा अर्ज, एजंटाला द्यायचं अधिकारपत्र, पॅकिंग लिस्ट. चार कागद, मराठी खुलाशासकट.

तोवर आता निघणाऱ्यांसाठी एवढंच. व्हिसा रद्द करण्याआधी रेसिडेन्सची आणि कार्डाची प्रिंट काढून ठेवावी, सौदीतून येणाऱ्यांनी इकामा आणि फायनल एक्झिटची. कंपनीकडून नोकरीच्या तारखांचं पत्र घ्यावं. आउटपासवर येणाऱ्यांनी जुन्या पासपोर्टच्या जेवढ्या पानांचे फोटो असतील तेवढे जपावेत, आउटपासची झेरॉक्स विमानतळाआधीच काढावी. सामान स्वतःच्या नावानेच बुक करावं आणि बिल ऑफ लेडिंगवरचं नाव पासपोर्टप्रमाणे अक्षर न अक्षर बघावं, वडिलांचं नाव मध्ये आहे की शेवटी तेसुद्धा. २०१६ च्या नियमांप्रमाणे ३१ डिसेंबर २०२४ ला जो मुंबईत उतरला, त्याच्या पेट्या ३१ जानेवारीच्या आत तिकडच्या बंदरातून निघालेल्या असायला हव्या होत्या. कार्गोवाला ‘पुढच्या कंटेनरला टाकतो’ म्हणाला, तर तो कंटेनर कुठल्या तारखेचा हे त्याच्याकडून लिहून घ्यावं.